करंजांखालचा पातेरा

आमच्या शाळेत हल्ली महिन्यातून एकदा पोरांच्या हातात झाडू देऊन फोटो काढायचे असतात. फोटो वर पाठवायचे असतात, आणि मी मुख्याध्यापिका म्हणून ते मलाच पाठवावे लागतात. पाठवते. नोकरी आहे, करते काय! पण मागच्या खेपेला सातवीतली एक पोर बापाकडून रबरी हातमोजे घेऊन आली, ते घालून ऐटीत कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, आणि मी तिच्यावर अशी काही खेकसले की ती रडायलाच लागली. तिची काहीच चूक नव्हती. मी तिला जवळ घेतलं, खडीसाखर दिली, पण हातमोजे आधी काढायला लावले. बाकीच्या बाया म्हणाल्या, मॅडमना आज झालंय काय? आज नाही झालं, बायांनो. मी कॉलेजात होते तेव्हा झालं, आणि अजून निस्तरतेय.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, काळू नदीच्या काठावर. घर कौलारू, पुढे सारवलेलं अंगण, मागे गोठा. घरात माणसं चार. बाबा मुरबाडच्या एका कारखान्यात वॉचमन. सायकलवरून जायचे नि यायचे, आणि घरी असले की झोपलेले असायचे. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. तिचं तोंड दिवसभर चालू. कोंबडी ओरडली तरी तिला उत्तर द्यायची. आणि आय. आयचा आवाज खणखणीत, शेताच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाला ऐकू यायचं. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. तांदळाची भाकरी, जवळ्याची सुकी चटणी, कधी वालाचं बिरडं, आणि पावसाच्या तोंडावर रानातून आणलेली शेवळं, खाजू नयेत म्हणून काकडाची आंबट फळं घालून केलेली. ती भाजी मी आता करते, पण जमत नाही. आय म्हणायची, तुझ्या हाताला दम नाय, सगळ्याची घाई.

शेत आय बघायची. बाबा नावाला मालक. लावणीच्या दिवसांत गावातल्या बाया तिला आधी बोलवायला यायच्या, कारण पहिली ओळ तिने धरायची आणि बाकीच्यांनी तिच्या मागोमाग सरकायचं, असं ठरूनच गेलेलं. ती गुडघाभर चिखलात वाकायची ती दुपारपर्यंत वाकलेलीच. हात मशीनसारखा चालायचा, वर गाणं चालू, आणि मागे कोणी रेंगाळलं की मान न वळवता त्या बाईचं नाव घेऊन बोलायची. "काय गो, नवऱ्यानी रात्री जेवाया नाय दिला काय?" सगळ्या हसायच्या. माझ्या आयला गावात मान होता तो ह्या एका कामाचा. शिक्षण नाही, अंगावर सोनं नाही. हा मान होता.

आता पातेऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. रोपासाठी राखलेल्या जमिनीच्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेला सुका पाला, वर थोडी माती, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ते सगळं पेटवायचं. राखेत पेरलं की रोप जोमानं येतं, तण येत नाही. म्हणून आमच्याकडे सुका पाला हा कचरा नव्हे. कुठल्या झाडांखालचा पातेरा कुठल्या घराचा हे वाडवडिलांपासून ठरलेलं. नदीकाठच्या सात करंजांखालचा पाला आमचा. दुसऱ्या कोणी तिथे खराटा लावला तर भांडण झालं असतं. कागद नाही, सही नाही, पण सगळ्यांना ठाऊक.

त्याच करंजांच्या सावलीत रविवारी पिकनिकवाले यायचे. कल्याणचे, डोंबिवलीचे, लांब मुंबईचे. खाली डोह, वर सावली, आणखी काय पाहिजे. गाडीची दारं उघडून गाणी मोठ्याने लावायची, कोंबडी शिजवायची, बाटल्या फोडायच्या आणि संध्याकाळी निघून जायचं. त्या वर्षांत प्लास्टिकच्या पातळ पिशव्या नव्यानेच सगळीकडे दिसायला लागल्या होत्या, झाडांना लटकायच्या, पाण्यात फुगायच्या. आत्या काठावर कपडे धुवायला गेली की शिव्या देतच परत यायची. "हागून पण जातील मेले, नि वर फोटू काढतील!"

मृदुलाताई आल्या त्या ह्याच सुमारास. मुंबईत समुद्राजवळ त्यांचं एक मंडळ होतं, दर रविवारी किनारा साफ करणारं. साफ करून करून ते कंटाळले, कारण पुढच्या रविवारी किनारा तस्साच. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की कचरा नद्यांतून वाहत येतो, तर वर जाऊन नदीच साफ करू. मृदुलाताई आमच्या कॉलेजात भाषणाला आल्या. सुती साडी, खांद्यावर शबनम, बोलणं असं की ऐकत राहावं. म्हणाल्या, "तुमच्या काठावरची पिशवी शेवटी आमच्या समुद्रात येते." तेव्हा मला ते फार थोर वाटलं. पिशवी मुळात त्यांच्याकडूनच गाडीत बसून आली होती, नदी ती फक्त परत पोचवत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आज येतं. वेळेवर काही येत नाही.

मी हात वर केला. माझं गाव काठावरच आहे म्हटलं. ताईंनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही वनिता आजपासून आमची तिथली प्रमुख." झालं! एकोणीस वर्षांची मी, तोवर मला कोणी कशाचीच प्रमुख केलं नव्हतं. घरी आले ती हवेतच. आत्या म्हणाली, "प्रमुख? मंग पगार किती?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

चैत्र संपत आला होता. रविवारी सकाळी बस आली, पन्नाससाठ माणसं उतरली, सगळ्यांना एकसारख्या टोप्या, हातमोजे, तोंडाला फडकी. करंजांमध्ये फलक बांधला. मलाही टोपी मिळाली, मोजे मिळाले. आणि मग ती माणसं जी कामाला लागली, खोटं कशाला बोलू, राबली. उन्हात, घाम गाळत, कोणाचं दुर्गंधीकडे लक्ष नाही. पण त्यांची सवय वाळूवरची. वाळूवर जे वाळू नाही ते सगळं उचलायचं. इथेही त्यांनी तेच केलं. पिशव्या, बाटल्या, पत्रावळी, चपला, आणि त्यांच्याबरोबर पाला. वीतभर पातेरा पडलेला होता, पानगळीपासून साठलेला, आयने मुद्दाम ठेवलेला, कारण राबाला अजून वेळ होता. तो सगळा खराट्यांनी ओढून, बाटल्या नि पिशव्यांसकट, पोत्यांत.

आय शेणाची पाटी घेऊन आली होती. तिने बघितलं आणि पाटी खाली ठेवली.

"अवो बाय," ती मृदुलाताईंना म्हणाली, "कचरा न्या, पण पातेरा ठेवा. तो आमचा हाय. राबाला लागतो."

ताई हसून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही काही काळजी करू नका. आम्ही सगळं लख्ख करून देतो."

"लख्ख नको वो. पातेरा ठेवा ना."

आजूबाजूचे थांबून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपी घातलेली प्रमुख मी, आणि माझी आय पाल्यासाठी वाद घालतेय! मी तिच्याजवळ गेले आणि दात आवळून म्हटलं, "आय, गप गो. तुला यातला काय कळत नाय. घरी जा."

तिने माझ्याकडे बघितलं. पाटी उचलली आणि गेली. दुपारी मात्र तिने मृदुलाताईंसाठी भाकऱ्या केल्या, बिरडं केलं, आणि ताई आमच्या ओटीवर मांडी घालून पोटभर जेवल्या, तोंड भरून कौतुकही केलं. बाकीच्यांचा पुलाव मुंबईहून आला होता, थर्माकोलच्या ताटल्यांत. त्या ताटल्याही पोत्यांतच गेल्या. चाळीसेक पोती भरली. ती करंजांखाली रचली, त्यांच्यापुढे सगळ्यांचा फोटो निघाला, आणि ताई म्हणाल्या मंगळवारी टेम्पो येईल. तो मंगळवार काही उगवला नाही.

मी मुरबाडच्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. एकदा टेम्पोवाला गावाला गेलेला, एकदा डंपिंगवाले घेत नाहीत, एकदा ताईच घरी नाहीत. पोती तिथेच. गुरं तोंड घालायची, कुत्री फाडायची. गावातली माणसं मला विचारायची, "प्रमुखबाय, तुमचा माल कवा उचलताव?" तीन आठवड्यांनी ताईंचाच निरोप आला, कॉलेजच्या ऑफिसात. परवा काही पाहुणे जागा बघायला येणार होते, कामाचं कौतुक व्हायचं होतं. मी फोन केला तर म्हणाल्या, "वनिता, ती पोती तेवढी तिथून हलव गं. कुठेतरी सोय कर. तू हुशार आहेस."

हुशारच होते मी! आमचा रोपाचा तुकडा तिथून पन्नास पावलांवर. आयने शेण नि फांद्या पसरून ठेवल्या होत्या, आणि पातेऱ्यावाचून तिचं अडलं होतं. कोणाकडे मागायचा? ज्याचा त्याला. मी घरी जाऊन म्हटलं, "आय, तुझा पातेरा परत देते. पोती ओतते राबावर."

"त्यात कचरा हाय ना गो?"

"निवडते ना. मोजे हायत माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटी बसले. खरंच बसले, हे कोणी मानो न मानो. पाच पोती निवडली. बाटल्या वेगळ्या, पिशव्या वेगळ्या, पाला वेगळा. सहाव्या पोत्यात नासलेलं काहीतरी होतं, अळ्या पडलेल्या. ऊन चढलं. पस्तीस पोती शिल्लक आणि पाहुणे उद्या. मी उठले आणि उरलेली पोती एकेक करून तुकड्यावर ओढत नेली, उपडी केली. वरवर दिसल्या त्या बाटल्या काढल्या आणि बाकीच्यावर निवडलेला पाला पसरला. वरून बघणाऱ्याला छान दिसत होतं.

संध्याकाळी आय आली, बरोबर शेजारच्या दोघीतिघी माती टाकायला. एकीने पायाने पाला हलवून विचारलं, "काचाबिचा नायत ना गो?"

"सगळा निवडलाय मी," मी म्हटलं. "हातानी."

आय म्हणाली, "माझ्या पोरीनी निवडलाय म्हनल्यावर काय बघायचा नाय." आणि माती टाकायला लागली.

पाहुणे आले, लख्ख काठ बघून गेले. पुढच्या आठवड्यात आयने राब लावला. एरवी राबाचा धूर पांढरट, त्याला खरपूस वास असतो, मला तो आवडायचा. ह्या वेळी धूर काळा निघाला. घरापर्यंत आला, डोळे झोंबले. आत्या अंगणात उभी राहून नाक उडवत म्हणाली, "हा वास पातेऱ्याचा नाय!" आय म्हणाली, "शेण वला असंल." आत्या गप्प बसणारी नव्हे, पण त्या दिवशी आयने तिच्याकडे असं बघितलं की बसली. मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसले होते. पुस्तक उलटं होतं की सुलटं, देव जाणे.

त्यानंतर लगेच मुंबईत मंडळाचा समारंभ होता, मला बोलावणं होतं. आयने मला तिची ठेवणीतली साडी दिली, निऱ्या स्वतः करून दिल्या. मुंबईत एका हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर आमच्या काठाचा फोटो दाखवला, आधीचा नि नंतरचा. टाळ्या पडल्या. मला एक फूल आणि एक प्रमाणपत्र मिळालं. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. हॉलच्या मागेच होता, आणि काठ घाणेरडा होता.

पाऊस आला, पेरलं. रोप कुठे दाट, कुठे विरळ, मध्येमध्ये टक्कल. तरी लावणीपुरतं झालं. रोप उपटायला एरवी चारपाच बाया एकदम बसतात, त्या वर्षी आय म्हणाली मीच एकटी उपटते, तुम्ही रोपाच्या मुठी वाहा. कोणाला नवल वाटलं नाही, कारण तिच्या हातालाच वेग तेवढा. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून उभी राहताना एकदम "आय गो!" करून खाली बसली. पाय वर काढला तर बोटांच्या मुळाशी काचेचा तुकडा रुतलेला, बाटलीच्या गळ्याचा. गढूळ पाणी लाल झालं. तिने तो स्वतःच ओढून काढला, बांधावर फेकला, हळद दाबली, फडकं बांधलं, आणि पुन्हा चिखलात उतरली. पाऊस धरून होता, रोप थांबत नाही, पुढे दहा बाया खोळंबलेल्या. चार दिवस ती तशीच लावणी करत राहिली. मी म्हटलं, "डॉक्टरकडं चल." म्हणाली, "ओळ सोडून कशी येऊ?" पाचव्या दिवशी पाय टम्म सुजला आणि अंगात ताप भरला. बाबांनी तिला आधी मुरबाडला नेलं, तिथून ठाण्याला. दोन बोटं काढावी लागली, वाचली ते नशीब, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे ती चालायची, काठी घेऊन, पण चिखलात तिचा पाय ठरायचा नाही. पहिली ओळ दुसऱ्या बाईकडे गेली. लावणीच्या दिवसांत आय बांधावर चटणी-भाकरीची टोपली घेऊन बसायची आणि बाया वाकून पुढे सरकायच्या. तिचं गाणं बंद झालं. आवाजसुद्धा लहान झाला, हे मी पैज लावून सांगते, घरातल्या घरात ऐकू येईनासा झाला. आणि मी? मी कोणाला काही सांगितलं नाही. काच नदीतून आली असेल, पुराच्या पाण्याने, असं बाबा म्हणाले, आणि मी मान हलवली. ह्या मानेचा मला आज जेवढा तिटकारा आहे तेवढा कशाचाच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बस परत आली. नवा फलक, नव्या टोप्या. मृदुलाताई घरी आल्या, आयचा पाय बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आय म्हणाली, "काच लागली वो, शेतात." ताई निघाल्या तेव्हा मी त्यांना वाटेत गाठलं आणि सगळं ओकले. टेम्पो, पोती, राब, काच. म्हटलं, "तुमच्यामुळं झालं हे. पाला सोडा म्हणत होती ती. ऐकलं नाही तुम्ही." ताई हळूच म्हणाल्या, "वनिता, मला वाईट वाटतं. पण पोती तर आम्ही तोंडं बांधून ठेवली होती. उघडलीस तू."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्यांचं खरं होतं, म्हणून तर त्या बाईचा मला आजतागायत राग आहे. खोटं बोलली असती तर केव्हाच विसरले असते. मी टोपी आणि मोजे त्यांच्या हातात दिले आणि घरी आले. मंडळ आणखी एक उन्हाळा आलं, मग दुसऱ्या कुठल्या नदीकडे वळलं. आता तिथे रिसॉर्ट आहे. करंज दोन उरलेत, त्यांना रात्रंदिवस लुकलुकणारे दिवे गुंडाळलेत.

आय शेवटची काही वर्षं माझ्याकडे शहापूरला होती. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, आम्ही दोघी समोरासमोर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होतो. नोकरी, लग्न, पोरं, सगळं झालं होतं माझं, आणि ते एक वाक्य घशात तसंच होतं. मी वर न बघता म्हटलं, "आय, तो पातेरा मी निवडला नव्हता. पाचच पोती निवडली."

ती सोलत राहिली. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"माती टाकताना पायाला लागली ना बाटली."

"मग पेटवलास कशाला? बोलली का नायस?"

"बायांसमोर तू बोललीस ना, निवडलाय म्हनून. मंग तुला खोटी पाडू? शिकणारी पोर." एक वाल तिच्या हातून निसटला, तो तिने चाचपून शोधला. मी रडत होते. तिने बघितलं असणार, पण थांबली नाही. मग जी बोलली ती अशा सुरात, जणू कसूर तिच्याकडून झाली होती आणि एवढ्या वर्षांनी ती मला हिशेब देत होती.

"तू मुंबयला गेलीस ना, माझी साडी नेसून, त्या दिशी राखेत बसून दोन पाट्या काचा येचल्या मी," आय म्हणाली. "सगल्या नाय गावल्या."